शेपूट: आधी हाताने, मग जायरोने

मुख्य पंख्याची पाती एका पातळीत आली, स्वॉशप्लेट समतल झाली, मोटरचा पिनियन आणि मोठा गिअर यांच्यातली फटही जुळली. मागच्या दोन प्रकरणांत आपण एवढी मजल मारली. आता टेबलावरचे मॉडेल पूर्ण झाल्यासारखे दिसते आणि हात शिवशिवू लागतात. शेपटीकडे लक्ष जाते ते याच टप्प्यावर, सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत. मैदानावर पहिल्याच उड्डाणात मोडलेली जी हेलिकॉप्टरे मी पाहिली, त्यांतली बरीचशी या घाईने मोडली होती. म्हणून हे प्रकरण सावकाश वाचा आणि वाचताना मॉडेल समोर ठेवा.

भिंतीत भोक पाडताना ड्रिलचा बिट सळईत अडकला की काय होते, हे अनेकांनी अनुभवले असेल. बिट थांबतो आणि मशीनच हातात उलटे फिरू पाहते. मनगटाला हिसका बसतो. हेलिकॉप्टरमध्ये हा हिसका सतत चालू असतो. मोटर पंख्याला ज्या जोराने एका दिशेला फिरवते, तेवढ्याच जोराने पंखा हेलिकॉप्टरच्या अंगाला उलट दिशेला फिरवतो. जमिनीवर चाके किंवा स्किड त्याला अडवतात. हवेत अडवायला कोणी नाही. ते मनगटाचे काम शेपटीच्या टोकावरचा छोटा पंखा करतो. दार बिजागरीजवळ ढकलले तर जोर लागतो आणि कडीजवळ ढकलले तर ते बोटानेही उघडते. शेपटीची दांडी लांब ठेवतात ती याच कारणासाठी. जेवढी लांब दांडी, तेवढ्या लहान पंख्यावर भागते.

ही कल्पना जुनी आहे. रशियात बोरिस युरियेव याने १९१२ मध्येच एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा पंखा अशी रचना मांडली होती. पण चांगले उडू शकणारे जर्मनीचे फोके-वुल्फ ६१ हे हेलिकॉप्टर १९३६ मध्ये उडाले, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंना एकमेकांच्या उलट फिरणारे दोन मोठे पंखे होते. शेपटीच्या पंख्याचा संसार खऱ्या अर्थाने मार्गी लावला तो इगोर सिकोर्स्की यांनी. त्यांचे व्हीएस-३०० हे यंत्र १४ सप्टेंबर १९३९ रोजी दोराने बांधलेल्या अवस्थेत जमिनीवरून उचलले गेले आणि १३ मे १९४० रोजी मोकळे उडाले. मधल्या प्रयोगांत त्यांनी शेपटीला आणखी पंखे जोडूनही पाहिले आणि शेवटी पुन्हा एकाच पंख्यावर आले. मॉडेलांच्या दुनियेत हाच प्रश्न १९७० च्या सुमारास जर्मन अभियंता डीटर श्ल्यूटर यांनी सोडवला. त्या काळी शेपूट सांभाळायला जायरो नव्हता. उडवणाऱ्याचा अंगठा क्षणभरही विसावू शकत नसे. आज आपल्याला मदत आहे. त्या मदतीचा नीट उपयोग कसा करायचा, एवढाच आपला प्रश्न आहे.

आता दिशा. बहुतेक मॉडेलांचा मुख्य पंखा वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. आपल्या सैन्यदलांची चेतक आणि चीता हेलिकॉप्टरे मूळ फ्रेंच रचनेची. त्यांचे पंखेही असेच फिरतात, तर अमेरिकी हेलिकॉप्टरांचे साधारणपणे उलट. पंखा काट्यांच्या दिशेने फिरला की अंग उलट दिशेने फिरू पाहते, म्हणजे नाक डावीकडे आणि शेपूट उजवीकडे. शेपटीच्या पंख्याने ते थोपवायचे, तर त्याने हवा उजवीकडे फेकून शेपटीला डावीकडे रेटले पाहिजे. हे वाक्य पाठच करा. पुढची प्रत्येक तपासणी त्यावर उभी आहे. आणि एक सवय लावून घ्या: दिशा नेहमी नाकाची सांगायची. ‘उजवीकडे’ म्हणजे नाक उजवीकडे. एक जण शेपटीबद्दल बोलतो आणि दुसरा नाकाबद्दल, अशाने दोन जाणत्या माणसांचाही घोटाळा होतो.

शेपटीचा पंखा मुख्य पंख्याला बेल्टने किंवा लांब नळीसारख्या दांड्याने जोडलेला असतो. त्याचा वेग त्यामुळे स्वतंत्रपणे कमी-जास्त होत नाही. बदलतो तो पात्यांचा कल, म्हणजे पिच. दांड्यावर पुढे-मागे सरकणारा स्लायडर दोन्ही पाती एकदम पिळतो. (अगदी छोट्या मॉडेलांत शेपटीला वेगळी मोटर असते आणि तिचा वेगच बदलतो. त्यांत जुळवायला फारसे काही नसते, म्हणून ती येथे बाजूला ठेवली आहेत.) वेग किती, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. सुमारे ७०० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचे, छंदात सर्रास दिसणारे ‘४५०’ मापाचे मॉडेल घ्या. मुख्य पंखा मिनिटाला २,८०० फेऱ्या घेत असेल आणि गिअर त्या चौपटीहून थोड्या जास्त करत असतील, तर शेपटीचा पंखा मिनिटाला १२,००० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला २०० फेऱ्या घेतो. त्याचा व्यास १५ सेंटिमीटर धरला तर पात्याचे टोक ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने जाते. हाताच्या पंजाएवढा हा पंखा बोट तोडू शकतो. म्हणून या प्रकरणातले टेबलावरचे सगळे काम मोटरच्या तारा सोडवून करायचे. याला अपवाद नाही.

सर्व्होचा रॉड काढून ठेवा आणि स्लायडर नुसत्या बोटाने सरकवून पाहा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो कुठेही न अडखळता, जवळजवळ आपल्या वजनाने गेल्यासारखा सरकला पाहिजे. मी शेपटीच्या जुळणीला दोन तास देत असेन, तर त्यांतला दीड तास यातच जातो आणि तो वाया गेला असे कधीही वाटलेले नाही. घट्टपणा बहुधा बॉल लिंकमध्ये असतो. प्लास्टिकचा कप धातूच्या गोळीवर नवा असताना आवळून बसतो. गोळी आत असतानाच कप पकडीने अगदी हलका दाबला की तो सैल होतो. दाब जास्त पडला तर लिंक खुळखुळते आणि बदलावीच लागते. दुसरी जागा म्हणजे रॉड. दांडीवरच्या गाइडमधून तो सरळ रेषेत जायला हवा. गाइड थोडासा जरी तिरका बसला तरी रॉड घासतो. आणि दोन गाइडमध्ये अंतर फार असेल तर ढकलताना रॉड मध्येच वाकतो, सर्व्होने दिलेली हालचाल शेपटीपर्यंत पोचतच नाही.

तिसरी जागा सहसा कोणी उघडून पाहत नाही. पात्यांच्या पकडीत एक थ्रस्ट बेअरिंग असते. फिरताना पात्याला बाहेर खेचणारी प्रचंड ओढ तेच पेलते. त्याच्या दोन चकत्या दिसायला सारख्या असल्या तरी एकीचे भोक किंचित मोठे असते. मोठ्या भोकाची चकती आत, हबकडे. लहान भोकाची बाहेर, बोल्टच्या डोक्याकडे. ही अदलाबदल झाली तर टेबलावर सगळे गुळगुळीत वाटते आणि पंखा फिरू लागला की पकड जाम होते. मग शेपूट हवेत विचित्र वागते आणि आपण जायरोला दोष देत बसतो. कारखान्यातून जोडून आलेला भागही एकदा उघडून पाहा, ग्रीस लावा, बोल्टला थ्रेडलॉक लावून पुन्हा बसवा.

बेल्ट असेल तर तो शेपटीच्या दांडीत शिरताना पाव वळण घेतो. हे वळण चुकीच्या बाजूला दिले तर शेपटीचा पंखा उलटा फिरतो. मुख्य पंखा हाताने काट्यांच्या दिशेने फिरवा आणि शेपटीचा पंखा माहितीपत्रकातल्या बाणाप्रमाणे फिरतो का ते पाहा. पात्याची जाड, गोलसर कड हवेत आधी शिरली पाहिजे, पातळ कड मागे. पाती उलटी बसली तरी थोडाफार जोर मिळतोच, त्यामुळे ही चूक लवकर सापडत नाही. पात्यांचे बोल्ट इतकेच आवळा की पाती हाताने दुमडता यावीत, पण स्वतःहून लोंबू नयेत.

मग सर्व्हो. त्याला मध्यावर आणा. ट्रान्समीटरवरची ट्रिम आणि सब-ट्रिम शून्य. या स्थितीत हॉर्न रॉडशी काटकोनात हवा. काटकोन असेल तरच दोन्ही बाजूंना सारखी हालचाल मिळते. हॉर्न दातांवर नेमका बसत नसेल, तर सब-ट्रिमने तो ओढून सरळ करण्याचा मोह होतो. तसे करू नका. चार हातांचा हॉर्न असेल तर तो फिरवून एकेक हात लावून पाहा. एखादा हात जवळजवळ काटकोनात बसतोच. गोळी हॉर्नच्या कोणत्या भोकात लावायची हे माहितीपत्रक सांगते आणि सुरुवातीला तेच ऐकावे. बाहेरच्या भोकाने हालचाल मोठी आणि झटपट होते, आतल्या भोकाने ती बारीक आणि जोरकस होते.

हॉर्न काटकोनात असताना स्लायडर आपल्या प्रवासाच्या मध्याजवळ हवा आणि पात्यांना थोडा कल हवा. शून्य कल म्हणजे शून्य जोर, आणि मुख्य पंख्याचा हिसका तर सतत चालू असतो. कल बरोबर बाजूला आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: मॉडेलच्या मागे उभे राहा, एक पाते वर आणा आणि त्याची जाड कड पाहा. ती डावीकडे झुकलेली असली पाहिजे. विमानाच्या पंखाची पुढची कड वर उचलली की पंख वर जातो. येथे तेच आडवे घडते, जाड कड डावीकडे म्हणून शेपूट डावीकडे. पुढच्या सगळ्या तपासण्यांत हीच खूण वापरायची आहे.

आता जायरोकडे वळू. जायरोस्कोप हे नाव फ्रान्सच्या लिओं फुको यांनी १८५२ मध्ये दिले. सुरुवातीच्या मॉडेल-जायरोंत खरोखरच एक छोटे धातूचे चाक मोटरने गरगर फिरत असे. पुढे त्या जागी थरथरणारा पिझो स्फटिक आला आणि आज सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले, डोळ्यांना न दिसणारे थरथरणारे भाग असतात. थरथरणारी वस्तू कोणी वळवली की तिच्यावर आडवा जोर येतो. तो मोजला की वळण्याचा वेग कळतो. माशीच्या पंखांमागे टाचणीच्या डोक्यासारखे दोन छोटे दांडे असतात. तेही असेच थरथरतात आणि माशीला आपले वळणे कळते ते त्यांच्यामुळे. निसर्गाने ही युक्ती आपल्या फार आधी वापरली, याचे मला दर वेळी नवल वाटते.

जायरोच्या दोन रीती आहेत. गर्दीत धक्का लागून आपण वळलो तर शेजारचा माणूस खांद्याला धरून थांबवतो, पण आधी आपले तोंड कुठे होते हे त्याला आठवत नाही. ही रेट रीत: वळणे रोखायचे, दिशा लक्षात ठेवायची नाही. दुसरा माणूस धरतो आणि पुन्हा पहिल्याच दिशेला तोंड करून उभे करतो. ही हेडिंग होल्ड रीत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ती छंदात आली आणि हेलिकॉप्टर उडवायला शिकणे कितीतरी सोपे झाले.

पण या दुसऱ्या रीतीचा एक तोटा आहे आणि या प्रकरणात मला मुख्यतः तोच सांगायचा आहे. हेडिंग होल्ड जुळणीतली चूक लपवतो. रॉड चुकीच्या लांबीचा असला तरी तो पाती ओढून नाक सरळ ठेवतो आणि आपल्याला वाटते, सगळे छान आहे. मात्र अशा मॉडेलचा एका बाजूचा प्रवास आधीच खर्च झालेला असतो. अचानक जोरात वर चढायचे ठरवले, किंवा आडवा वारा आला, की त्या बाजूला द्यायला काही शिल्लक उरत नाही आणि शेपूट सुटते. म्हणून पहिली उड्डाणे रेट रीतीत करा. तुमच्या युनिटमध्ये ती सोय असेल तर ही पायरी चुकवू नका. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलबरोबर शेपूट हलवणारे जुन्या पद्धतीचे मिक्सिंग असेल तर ते आधी बंद करा.

वारा नसलेली सकाळ निवडा. डोळ्यांच्या उंचीवर स्थिर राहा आणि नाक कुठे सरकते ते पाहा. डावीकडे सरकत असेल तर पात्यांना कल कमी पडतो, उजवीकडे सरकत असेल तर जास्त होतो. उतरवा, बॅटरी सोडवा, बॉल लिंक एक-दोन आटे फिरवा, पुन्हा उडवा. ट्रिमचे बटण दाबायचे नाही. चार-पाच खेपांत नाक जागेवर थांबते आणि मग हेडिंग होल्ड सुरू करायचा. जोडणी बरोबर असलेल्या मॉडेलमध्ये रीत बदलताना शेपूट जवळजवळ हलतच नाही.

या पहिल्या उड्डाणाआधी टेबलावरच्या दोन तपासण्या राहिल्या आहेत. स्टिक उजवीकडे ढकला: वरच्या पात्याची जाड कड आणखी डावीकडे झुकली पाहिजे. उलटे झाले तर ट्रान्समीटरमध्ये चॅनेल उलटा करा. ही झाली स्टिकची दिशा. जायरोची दिशा वेगळी असते आणि ती जायरोमध्येच उलटवावी लागते. मॉडेल हातात धरून नाक झटकन डावीकडे वळवा: जायरोने विरोध केला पाहिजे, म्हणजे पाती उजवी स्टिक दिल्यासारखी हलली पाहिजेत.

माझ्या दुसऱ्या मॉडेलवर मी स्टिकची दिशा तपासली होती, जायरोची राहून गेली होती. स्किड जमिनीवरून सुटताक्षणी ते भोवऱ्यासारखे फिरू लागले. कारण जायरो हलकेसे वळणे रोखण्याऐवजी त्यात भर घालत होता, आणि जितके वळत होते तितकी भर वाढत होती. दोन सेकंदांत पाती गवतात आपटली. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला काही झाले नाही, हे माझे नशीब. त्या दिवसापासून उडवताना कोणीही माझ्या पुढे किंवा बाजूला उभे राहत नाही.

स्लायडरच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा जायरोमध्ये ठरवताना कान देऊन ऐका. टोकाला सर्व्हो गुणगुणत असेल तर तो भिंतीला ढकलतो आहे; मर्यादा थोडी मागे घ्या. सर्व्होची जातही सांभाळा. साध्या सर्व्होला सेकंदाला पन्नासेक संदेश लागतात, शेपटीच्या डिजिटल सर्व्होंना ३३३ पर्यंत चालतात. साध्या सर्व्होला तो वेग दिला तर तो तापून जळतो. संदेशाची रुंदीही दोन प्रकारची: नेहमीची १५२० मायक्रोसेकंद आणि काही खास शेपटी-सर्व्होंची ७६०. चुकीची निवडली तर सर्व्हो थेट टोकाला जाऊन अडकतो. रॉड जोडण्याआधी हे निवडलेले असले पाहिजे.

उरला गेन, म्हणजे जायरोने किती जोरात विरोध करायचा. बरेच जण येथूनच सुरुवात करतात, म्हणून हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. कमी आकड्यापासून सुरू करा आणि वाढवत जा. एका टप्प्यावर शेपूट भराभर थरथरू लागते, कुत्र्याने आनंदाने हलवावी तशी. तेथून थोडे मागे या. पंख्याचा वेग बदलला की हा आकडाही बदलतो: वेग वीस टक्क्यांनी वाढला तर त्याच कलाने मिळणारा जोर सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून आधी उडण्याचा वेग पक्का करा, मग गेन. गेन बराच कमी करूनही थरथर जात नसेल तर आकड्यांशी खेळणे थांबवा आणि बॉल लिंक, बेअरिंग, रॉड यांच्याकडे परत या. दोष तिथेच सापडेल.

हेडिंग होल्ड चालू असताना जमिनीवर सर्व्हो एका बाजूला सरकून तिथेच राहतो. नवशिके घाबरतात, पण हा दोष नव्हे. जायरो नाक वळवू पाहतो, मॉडेल वळत नाही, म्हणून तो ढकलत राहतो. उचलण्याआधी क्षणभर रेट रीतीत नेऊन शेपूट मध्यावर आणावी. बॅटरी जोडल्यावर पहिली काही सेकंदे मॉडेलला स्पर्शही करू नका; आपण स्थिर आहोत म्हणजे काय, हे जायरो त्याच वेळी शिकत असतो. उन्हात तापलेल्या गाडीतून काढलेले मॉडेल दहा मिनिटे सावलीत उघड्यावर ठेवून मगच चालू करा, कारण तापमान बदलले की, विशेषतः जुन्या जायरोंचे, शून्य सरकते.

आणि हवेत शेपूट गेलीच, बेल्ट तुटला किंवा लिंक निसटली, तर थ्रॉटल होल्डचा खटका ताबडतोब ओढा. मोटर थांबली की हिसका संपतो आणि गिरकी मंदावते. मुख्य दांड्यातले एकदिशा बेअरिंग पंख्याला मोकळे फिरू देते, त्यामुळे उंची पुरेशी असेल तर मॉडेल कमी नुकसानीत उतरवता येते. हा खटका न बघता बोटाला सापडला पाहिजे. घरी, मॉडेल बंद असताना, त्याचा सराव करा.

जायरोची दिशा मात्र एकदा तपासून विसरू नका. रिसीव्हर बदलला, सर्व्हो बदलला, ट्रान्समीटरमधली दुसऱ्या मॉडेलची मेमरी चुकून निवडली, की ती उलटू शकते. दर उड्डाणाआधी, मोटर सुरू करण्यापूर्वी, थ्रॉटल होल्ड लावून ठेवा, नाक हाताने डावीकडे वळवा आणि पात्याची जाड कड डावीकडे झुकते का ते पाहा. याला दहा सेकंद लागतात.